गल्लीच्या तोंडावरचा तीस

रंगाऱ्याने पत्र्याचा साचा दोन्ही हातांनी सरळ वर उचलला, तेव्हा शाळेसमोरच्या डांबरावर 'हळू' हा शब्द गरम, पांढराशुभ्र उमटलेला होता. त्याने कमरेवर हात ठेवले आणि रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. आता ती यायला हवी होती.

रस्त्यांवर पट्टे आणि अक्षरं काढणं हा त्याचा धंदा, आणि त्याचं काम तपासायची त्याच्या बायकोची एक पद्धत होती. दुपारी ती सायकलवर डबा घेऊन यायची. गाड्या ज्या बाजूने येणार त्याच बाजूने यायची, आणि लांबूनच जे लिहिलं असेल ते मोठ्याने वाचायची. "थांबा!" "शाळा!" "पुढे वळण!" पाय न थांबवता वाचता आलं तर काम पास. नाहीतर उतरून म्हणायची, "हा 'ह' जरा आखडलाय बघा. पोट दुखतंय का त्याचं?" रस्त्यावरचे लोक वळून बघायचे, हसायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. साहेबाची सही नंतर, आधी तिची हाक. त्यामुळे साचा मांडताना रंगारी कधी नकाशा उघडत नसे. ती कुठून येईल ते बघे आणि अक्षरांचे पाय त्या बाजूला करी.

भट्टीवाल्याचा फोन वाजला. हा त्याचा कामातला जोडीदार. पांढरी भुकटी भट्टीत वितळवून द्यायचं काम त्याचं. त्याने फोन कानाला लावला आणि नुसता "हं, हं" करत राहिला. मग वाकून भट्टीखालचा गॅस बंद केला. आत माल अजून उकळत होता. माल असताना भट्टी विझवायची नसते, आतल्या आत त्याचा दगड होतो. हे त्यानेच सगळ्यांना ओरडून ओरडून सांगितलेलं होतं.

"अरे, बंद काय करतोस? पट्टे राहिलेत अजून."

"चल. घरी जायचंय."

"ती निघाली असेल डबा घेऊन. चुकामूक होईल."

भट्टीवाला जवळ आला. त्याने रंगाऱ्याच्या हातमोज्याचं टोक धरलं आणि लहान मुलाचा काढावा तसा तो मोजा काढला, मग दुसरा.

चुकामूक झाली नाही. ती त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होती. पुढचा सिग्नल चुकवायला एक गाडी मोठ्या रस्त्यावरून भरधाव गल्लीत वळली होती. गाडीवाल्याचं म्हणणं, बाई अचानक समोर आली. ती आयुष्यात कुठे अचानक गेली नव्हती. वळण दोन घरं लांब असतानाच घंटी वाजवायला लागायची, इतकी की कोपऱ्यावरचे आजोबा म्हणायचे, आली बघा आगगाडी.

आज, ती गेल्याला काही महिने झाल्यावर, त्याच गल्लीत सकाळपासून नुसती धांदल उडाली होती.

लोक गॅलऱ्यांत उभे होते, पायऱ्यांवर बसले होते. कुणी खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. सायकली तर इतक्या बाहेर आल्या होत्या की एवढ्या गल्लीत आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं; काहींच्या चाकांत हवा भरायला एकच पंप हातोहात फिरत होता. गल्लीत ताशी तीसची मर्यादा मंजूर झाली होती. पण पालिकेच्या इंजिनीअरबाईंनी बजावून सांगितलं होतं, संध्याकाळी मी बघायला येईन तेव्हा आकडा रस्त्यावर हवा. नसेल तर तीसची पाटी उचलून दुसऱ्या वस्तीला देईन, तिथले लोक रोज दारात उभे आहेत.

हे सगळं घडवून आणलं होतं बायकोच्या धाकट्या बहिणीने. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. धाकटी दारोदार फिरली होती, सह्यांसाठी भांडली होती. सगळ्यात जास्त भांडली ती दातांच्या डॉक्टरांशी.

"तीसने गाडी चालवायची?" डॉक्टर म्हणाले होते. "मी दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंटचे दात आपोआप पडतील."

"मग तुमचे कष्ट वाचले," धाकटी म्हणाली होती. "सही इथे करा."

त्यांनी सही केली नव्हती. पण कार्यालयात जाऊन हरकतही घेतली नव्हती. धाकटीने तेही आपल्याच खात्यात जमा करून टाकलं.

दोरी ताणली गेली, खडूच्या रेघा पडल्या. मोठ्या रस्त्याच्या बाजूला रंगाऱ्याने लाल शंकू लावून गल्ली बंद केली आणि गुडघ्यावर बसला. हा कोपरा त्याने इतके दिवस टाळला होता. कामावर जाताना मागच्या वाटेने जायचा, लांब पडलं तरी. आज मात्र सकाळी उठल्यापासून त्याच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. चहा अर्धा टाकून तो निघाला होता. झाडू त्याने स्वतः मारला, डांबराच्या भेगांतली माती बोटाने उकरून काढली.

"अहो, रस्ता आहे तो, ताट नाही!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तोही हसला.

त्याने तीनचा साचा मांडला. उभं राहून पाहिलं. घराच्या दिशेला नजर टाकली, खाली वाकून साचा बोटभर सरकवला, पुन्हा पाहिलं. शेजारी शून्याचा मांडला. भट्टीवाला पितळी पळा हातात घेऊन उभा होता. त्याने साच्याकडे पाहिलं, मग रंगाऱ्याकडे, मग मोठ्या रस्त्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"ओत," रंगारी म्हणाला.

माल साच्यात पसरला, वाफ उठली. रंगाऱ्याने पट्टीने तो सारखा केला आणि वरून काचेचे बारीक मणी शिंपडले, अंधारात गाडीच्या दिव्याने आकडा चमकावा म्हणून. लोक पुढे सरकत होते आणि धाकटी त्यांना मागे लोटत होती.

"मागे व्हा! पाय भाजले तर डॉक्टरांकडे नेईन, तेही दातांच्या!"

साचा वर उचलला आणि गल्लीत एकच गलका झाला. तीस. माणसाच्या उंचीएवढा, कडा सुरीने कापल्यासारख्या. टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी ताट बडवत होतं. आता फक्त माल घट्ट व्हायचा राहिला होता.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "थांबा हं. एक राहिलंय."

ती घराकडे पळाली. आली ती बहिणीच्या सायकलवर. पुढचं चाक नवीन होतं, बाकी सगळी तीच, ती घंटीसुद्धा. दोन घरं अलीकडूनच तिने घंटी वाजवायला सुरुवात केली. लोक बाजूला झाले. मागच्या सायकलीही तिच्यामागे निघाल्या. धाकटी सायकलवर डगमगत होती, तिला नीट यायची नाही, पण पाय तिने थांबवले नाहीत.

"तीस!" ती लांबूनच ओरडली.

"तीस!" मागचे सगळे ओरडले.

कोपऱ्यावरचे आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. "आली बघा," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना म्हणवेना.

रंगाऱ्याने मान खाली घालून हातमोजे काढले. काढले आणि पुन्हा घातले.

तेवढ्यात शंकूंपलीकडे मोठ्या रस्त्यावर गाडी थांबली. दातांचे डॉक्टर दवाखान्यातून परत आले होते. ते उतरले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि आकड्याकडे पाहत राहिले.

"वा! सुरेख झालंय," ते म्हणाले. "पण मला का वाचता येत नाहीये?"

"आता तरी बरं म्हणा की, डॉक्टर!" धाकटी म्हणाली.

"अहो, चेष्टा नाही करत. इथून उलटं दिसतंय. तुम्हीच येऊन बघा."

धाकटी सायकल टेकवून शंकूंपलीकडे गेली. वळली. तिचा चेहरा पाहून टाळ्या एकेक करून थांबल्या. मग आणखी चार जण गेले. त्यांनीही पाहिलं. आकड्याचे पाय घराकडे होते. मोठ्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीला तो डोक्यावर उभा दिसणार होता. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला मात्र अगदी स्वच्छ वाचता येत होता.

रंगारी तिकडे गेला नाही. बघायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत त्याच्याकडून एक अक्षर असं पडलं नव्हतं.

"तुला दिसलं होतं?" त्याने भट्टीवाल्याला विचारलं.

"हो."

"कधी?"

"तू साचा मांडलास तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

भट्टीवाला पळ्याला चिकटलेला माल नखाने खरवडत होता. "वहिनी तिकडूनच यायच्या ना," तो म्हणाला. "मला वाटलं, एक तरी त्यांच्यासाठी होऊ दे."

धाकटीने परत येऊन सायकलचा दांडा घट्ट धरला.

"माल किती आहे?" रंगाऱ्याने विचारलं.

"अर्ध्या शून्याचाही नाही. गोदामातून गोणी आणावी लागेल. आणि ते आता बंद व्हायच्या बेतात असेल."

"आणि इंजिनीअरबाई यायच्या बेतात," धाकटी म्हणाली.

डॉक्टर अजून तिथेच उभे होते. त्यांनी गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गोदाम मला माहीत आहे," ते म्हणाले. "जातो मी. एक गोणी की दोन?"

"दोन," भट्टीवाला म्हणाला. "आणि लवकर या."

डॉक्टर दार उघडून आत बसले. मग काच खाली केली आणि धाकटीकडे पाहिलं. "लवकर म्हणजे? तुम्हीच सांगा, कसं जाऊ?"

धाकटीने भाऊजींकडे पाहिलं. सगळ्या गल्लीने पाहिलं.

"तीसनेच जा," रंगारी म्हणाला.

गाडी निघाली. जाताना ती इतकी हळू गेली की पलीकडच्या फुटपाथवरून चालणारी एक बाई तिच्या बरोबरीने चालत होती. सायकलवाले शंकूंपर्यंत येऊन ओरडत होते, "शाबास डॉक्टर! असंच!" गॅलऱ्यांतून हात हलत होते. वळणाशी डॉक्टरांनी दिवा लावला, थांबले, दोन्हीकडे पाहिलं आणि मग वळले.

"हा पुसायचा का?" भट्टीवाल्याने आकड्याकडे बोट दाखवत विचारलं. "बाई म्हणतील, नियमात बसत नाही."

रंगाऱ्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. त्याने भट्टीखालचा मंद केलेला गॅस पुन्हा मोठा केला. मग साचा उचलला, शंकूंपलीकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि गाडीवाला जिथून बघेल तिथून पहिल्यांदाच आपल्या गल्लीकडे नीट पाहिलं. आत सगळे त्याच्याकडे बघत होते.

त्याने खडू घेतला आणि नवी रेघ मारली. गाड्यांना वाचता येईल असा तीस अजून काढायचा राहिला होता.