उन्हावरची नाव

कोकिळाच्या नावेत वल्हं होतं, पण आज ती त्याला हात लावणार नव्हती. नववीतल्या या पोरीनं एकदा ठरवलं की ठरवलं.

पंचायतीच्या छपरावर टीव्हीसाठी सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या चार काळ्या पाट्या बसवल्या होत्या. गावात लाईट आली, टीव्ही लाईटवर गेला आणि पाट्या धूळ खात पडल्या. कोकिळानं त्या मागून आणल्या आणि नावाडी निवृत्तीदादाच्या जुन्या नावेच्या पुढच्या टोकाला बांबूच्या चौकटीवर बांधल्या. भंगारातल्या जीपच्या डायनामोलाच वीज देऊन त्याची मोटर केली. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंखा केला. ऊन पडलं की पंखा फिरायचा. डिझेल नको, बॅटरी नको, निवृत्तीदादाचे दुखरे खांदे नकोत. पंखा पहिल्यांदा फिरला त्या दिवसापासून कोकिळाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

सरपंच हिंमतराव मात्र पाट्या परत बुलडाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत पाठवायला निघाले होते. पोरीचा खेळ म्हणाले. कोकिळाची मावशी रुक्मिणीबाई त्यांच्याशी तासभर भांडली, तेव्हा कुठं अट ठरली. बाजाराच्या दिवशी चार बायका आणि त्यांची भाजी घेऊन नाव अकराच्या एसटीआधी धरणाच्या पल्याड पोचली, तर पाट्या नावेवर राहतील. नाही पोचली, तर त्याच एसटीच्या टपावर चढतील.

नाव निघाली तेव्हा चैताचं ऊन असं कडक होतं की कोकिळाला नाचावंसं वाटत होतं. ती मागं सुकाणूपाशी बसली. मध्ये मेथीचे आणि सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे भारे आणि वांग्यांची पोती डोक्याएवढी रचलेली, त्यापलीकडं पाट्यांजवळ मावशी. पंखा पाणी उडवत होता. बायका आधी देवाचं नाव घेत होत्या, मग सासवांच्या नकला करायला लागल्या.

अर्ध्या पाण्यात नाव मंदावली.

कोकिळानं वर पाहिलं. ढगाचा ठिपका नाही. तिनं तार हलवून पाहिली, पंख्यात शेवाळ अडकलंय का ते चाचपलं. नाव अजून मंदावली. पंख्यानं दोन गिरक्या खाल्ल्या आणि थांबला. पल्याड हिंमतरावांचं पांढरं धोतर स्पष्ट दिसत होतं. वल्ह्याकडं न बघता ती भाऱ्यांवरून रांगत पुढं गेली.

चारही पाट्यांवर मुगाच्या वड्या. ओळीत, बोटभर अंतरानं, देखण्या. मावशी शेवटची वडी घालत होती.

"मावशी, हे काय करून राह्यलीस?"

"दिसत नाही का तुले? डाळ वाटून आणली होती. घरी बकऱ्या, कावळे. इथं एक कावळा नाही, अन् काच कशी तापून राह्यली पाह्य."

"ते आपलं इंजन हाय, मावशी."

मावशीनं पाट्यांकडं पाहिलं, थांबलेल्या पंख्याकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. आधी कोकिळाला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. मग कोकिळा हसायला लागली आणि बाकीच्या बायकाही इतक्या हसल्या की नाव डुलली. हसता हसताच त्यांनी पीठ खरवडून पातेल्यात घेतलं, आणि काच चिकट राहिली म्हणून तांब्यातांब्यानं धरणाचं पाणी ओतून घासून काढली. पिठाबरोबर पंचायतीच्या छपरावरची सगळी धूळही गेली. तापलेली काच गार झाली.

पंखा फिरला. नुसता फिरला नाही, सुटलाच! नाव इतकी जोरात कधीच पळाली नव्हती. गार, स्वच्छ पाटी जास्त वीज देते, हे कोकिळाच्या पुस्तकात कुठंच नव्हतं. तिनं ओरडून सांगितलं, पाणी टाकत राहा. मग काय, भाजीवाली कलाबाई एका बाजूनं, मावशी दुसऱ्या बाजूनं, तांब्यावर तांब्या. सगळ्या चिंब झाल्या, मेथीही ताजी झाली.

काठाला नाव लागली तेव्हा एसटीचा धुरळाच लांबून दिसत होता.

हिंमतरावांनी ओल्या बायका पाहिल्या, कोरडं वल्हं पाहिलं. "अन् आभाळ आलं तं?" त्यांनी विचारलं.

"तं वल्हं मारू, काका. पण वर्षातून किती दिवस आभाळ रायते आपल्याकडं?"

एसटी आली, भाजी चढली, एसटी गेली. मग हिंमतरावांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि मले अल्याड सोड म्हणाले, घरी काम आहे.

कोकिळानं त्यांना पुढं, पाट्यांजवळ बसवलं आणि हातात तांब्या दिला.