बादलीवरची फुली

शिवबाईला या लग्नातून काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवते, म्हणजे पुढचा जमाखर्च तुम्हाला सोपा जाईल. तिला मिळणार होती एक सून: पहाटे उठणारी, पाणी ओढणारी, धुणं आपटणारी, आणि आई नसल्यामुळे माहेरी जाऊन गाऱ्हाणं सांगायला जागा नसलेली. त्या बदल्यात तिला द्यायचा होता एक परदेशी स्वेटर. तोही नवा नव्हता.

हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. मित्रांनो, मी त्या स्वेटरच्या मानेला आतून शिवलेली एक जुनी पट्टी आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी फीत, एवढाच माझा संसार. माणसं कपड्याचा रंग बघतात, वीण बघतात. कॉलर उलटून मला कोण बघतो? मला मात्र मान सगळी कळते. घाम कळतो, ताप कळतो, आवंढा गिळलेलाही कळतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका गिरणीत झाला. माझ्यावर वाचायचं असं काही नाही, चार चित्रं आहेत. पहिलं बादलीचं, तिच्यावर फुली: पाण्यात घालू नका. दुसरा त्रिकोण, त्याच्यावरही फुली: रंग उडवणारी पावडर लावू नका. तिसरी इस्त्री, तिच्या पोटात एकच ठिपका: कोमट फिरवा. चौथा गोल: ज्या दुकानात पाण्याशिवाय, पेट्रोलनं कपडे धुतात तिथं द्या. कुठल्याही मुलखातल्या, कुठल्याही भाषेच्या माणसाला कळावं म्हणून ही चित्रं. निदान आमच्या गिरणीची तशी समजूत होती.

शिवबाईचा थोरला मुलगा धोंडीराम जहाजावर कामाला होता. त्यानं एका बंदरात हा जांभळा स्वेटर घेतला आणि माढ्याला आपल्या धाकट्या भावाच्या, जोतीरामच्या बायकोसाठी आणला. तिचं नाव बाळाबाई. धोंडीरामनं आईला शेजारी बसवून माझी चारही चित्रं समजावून सांगितली. शिवबाई शाळेत गेलेली नव्हती, पण हिशेबाला पक्की होती. एकदा ऐकलं आणि तिनं ते गाठीला बांधलं. आळीतल्या बायका स्वेटर बघायला आल्या की ती लांबूनच दाखवायची. हात लावायला आलेल्या बाईला म्हणायची, हात धुतलेत का, आणि धुतले असतील तर पुसलेत का.

ते माझे कौतुकाचे दिवस. बाळाबाईची मान बारीक होती आणि माझा एक कोपरा तिला टोचायचा. दुसरी कुणी असती तर मला कात्रीनं कापून फेकलं असतं. तिनं आपल्या लुगड्याच्या काठाचा हिरवा धागा काढला आणि तो कोपरा बारीक टाके घालून बसवला. माझी काळजी घेणारी ती पहिली बाई.

त्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. ती तेव्हा दोन जिवांची होती. पहाटे धुण्याचं गाठोडं घेऊन विहिरीवर निघाली की शिवबाई दारातून सांगायची, "स्वेटर काढून ठेव, मग पाण्यात हात घाल." आवाजात राग नसायचा. दूध झाकून ठेव म्हणावं, तसं सांगायची. बाळाबाई स्वेटर खुंटीला अडकवायची आणि नुसत्या लुगड्यावर जायची. खुंटीवरून मला दगडावर आपटणारं धुणं ऐकू यायचं. दोन आपटण्यांच्या मध्ये खोकला. मग आपटणं कमी आणि खोकला जास्त. एका पहाटे दोन्ही थांबलं, आणि बायकांनी तिला धरून घरी आणलं.

मग ती अंथरुणात स्वेटर घालून पडून राहिली. आता तिला कुणी काढ म्हणेना, कारण ती पाण्यात जाणार नव्हती. डॉक्टरला बोलवायचं का, असं जोतीरामनं एकदा विचारलं. आई म्हणाली, थंडीचा खोकला हाय, जाईल. खोकला गेला. बाळाबाईही गेली, आणि पोटातलं तेही गेलं. शेवटची आंघोळ घालायच्या आधी शिवबाईनं स्वेटर हळूच तिच्या अंगातून काढून घेतला. भिजू नये म्हणून.

नंतर मी ट्रंकेत पडले, डांबरगोळ्यांच्या वासात. बाहेर मोठा दुष्काळ पडला. माणसं इतकी पांगली की कुणाची चौकशी कुठं करायची हे कुणाला कळेना. शिवबाई आणि जोतीराम सोलापूरला आले. जोतीराम सूतगिरणीत लागला. शहरात नवी माणसं, नवा शेजार. दुजवर म्हटलं की मुलीकडचे पहिलीचं काय झालं ते विचारतात. म्हणून शिवबाईनं दुजवर म्हटलंच नाही.

यात आणखी एक गोष्ट बुडाली, ती सांगायला हवी. पहिली बायको गेलेली असली की दुसरी तिच्या नावाचा चांदीचा छोटा टाक गळ्यात घालते, अशी इकडची रीत आहे. सणावाराला आधी त्या टाकाला हळद-कुंकू, मग स्वतःला. गेलेलीचा मान राहतो आणि आलेलीला तिचा त्रास होत नाही, असं म्हणतात. पण जी बाई झालीच नाही म्हणून सांगायचं, तिचा टाक सोनाराला कसा घडवायला सांगणार? बाळाबाईला घर राहिलं नाही, गळाही राहिला नाही. ट्रंकेतल्या काळोखात कधीकधी माझा हिरवा कोपरा गरम व्हायचा. मी पट्टी आहे, मला भास होत नसावेत.

सोलापुरातच शुक्रवार पेठेत रावजी नावाचा गृहस्थ राहायचा, मूळचा जेऊरचा. बायको वारलेली, एकुलती मुलगी विजयमाला. जोतीरामशी तिचा साखरपुडा झाला तेव्हा शिवबाईनं चारचौघांत तो स्वेटर तिच्या ओटीत ठेवला. परदेशी माल बघून पेठेतल्या बायकांचे डोळे मोठे झाले. त्याच गडबडीत स्वेटरला हळदीचे डाग पडले, आणि दुसऱ्या दिवशी तो धुण्यात गेला.

रावजीच्या घरचा परीट बसप्पा, अक्कलकोटकडचा. परटाला घराची जेवढी माहिती असते तेवढी सख्ख्या भावाला नसते. कोण आजारी आहे, कोण दारू पिऊन आला, कुणाचं धोतर तिसऱ्यांदा शिवलंय, सगळं गाठोड्यात येतं. प्रत्येक घरासाठी बसप्पाची वेगळी खूण होती. बिब्ब्याच्या काळ्या रसानं तो ती कपड्याच्या आतल्या बाजूला काढायचा. कितीही धुतली तरी जायची नाही. आणि त्याच्या वडिलांपासून चालत आलेली एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या कपड्यांवरच्या खुणेला तो फुली मारायचा, म्हणजे तो कपडा चुकूनही जिवंत माणसाच्या घडीत जाऊ नये.

खूण काढायला म्हणून बसप्पानं कॉलर उलटली, आणि त्याला मी दिसले. एका रांगेत चार खुणा, त्यांतल्या दोहोंवर फुल्या. त्यानं बिब्बा खाली ठेवला. स्वेटर कोरडाच घडी करून तो रावजीच्या ओट्यावर घेऊन आला.

"रावजीअण्णा, ह्यो कपडा मी धुणार न्हाय. कुण्या परटानं खूण केलीया. ज्या घरचा हाय, त्या घरात दोघं गेल्यात."

रावजीचा चेहरा उतरला. त्याच्या बायकोचं शेवटचं लुगडं अजून घरात होतं आणि त्याच्या पदराला बसप्पाचीच फुली होती. फुलीचा अर्थ त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न मोडायचं की करायचं, सगळं आता त्या बोटभर फितीवर येऊन थांबलं. मला वाटलं, आता विचारतील. आता कुणीतरी बाळाबाईचं नाव घेईल.

रावजी शिवबाईकडे गेला. सोबत पेठेतली दोन मोठी माणसं, मागे अपराध्यासारखा बसप्पा, आणि घरात एकटी ठेवायची नाही म्हणून विजयमालाही. रावजीनं स्वेटर पुढे केला आणि चाचरत सगळं सांगितलं.

शिवबाईनं ऐकून घेतलं. मग कॉलर उलटली आणि एकेका चित्रावर बोट ठेवत धोंडीरामनं शिकवलं होतं तसं, एक अक्षर न चुकता, समजावून सांगितलं. ही बादली, हा त्रिकोण, ही इस्त्री, हा गोल. सांगून झाल्यावर ती बसप्पाकडे वळली.

"काय वो, बादली वळकू येईना तुमाला? मग धुता कशात?"

सगळे हसले. पेठेतली मोठी माणसं डोळे पुसून हसली. बसप्पानं खाली पाहिलं. त्या हशातच रावजीनं तोंड उघडलं होतं. "पण घरात कुणी गेलेलं न्हवतं ना?" एवढाच प्रश्न होता त्याचा. माझ्या अगदी जवळ, स्वेटर हातात धरून त्यानं तो विचारला. पण हसणाऱ्यांनी तो ऐकला नाही आणि त्यालाही तो पुन्हा विचारायची लाज वाटली.

मित्रांनो, शिवबाई त्या दिवशी एकही शब्द खोटं बोलली नाही. माझ्यावर जे छापलं होतं ते तिनं बरोबर वाचलं. बसप्पानं वाचलेलं साफ चूक होतं. आणि खरं काय ते मात्र चुकीचं वाचणाऱ्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. मी ओरडले असते, पण गिरणीनं मला चार चित्रं दिली, तोंड दिलं नाही.

स्वेटर घडी करायला विजयमालानं हातात घेतला. तिची नजर चित्रांवर थांबलीच नाही. ती कोपऱ्यावर थांबली. हिरव्या धाग्यावरून तिनं नख फिरवलं. मग बापाकडं बघितलं, पण बाप सुटका झाल्यासारखा चहा पीत होता. तिला कुणी काही विचारलं नाही. लग्नात मुलीला विचारायची कुणाला सवय असते?

लग्न झालं. बसप्पाला पेठेतली पोरं बादली म्हणून हाक मारू लागली. ज्याला बादली कळत नाही त्याच्याकडे कपडे कसे द्यायचे, असं म्हणत एकेक घर त्याच्यापासून सुटलं. रावजीनंही गाठोडं दुसरीकडे दिलं.

पौष लागला. सोलापूरची थंडी ती काय, असं लोक म्हणतात. पहाटे हौदावर उभं राहून बघावं. विजयमाला स्वेटर घालून धुण्याची बादली उचलायला वाकली आणि मागून आवाज आला.

"स्वेटर काढून ठेव, मग पाण्यात हात घाल."

तेच शब्द, तोच सूर, दूध झाकून ठेव म्हटल्यासारखा. माझा हिरवा कोपरा तापला. आणि मला टेकलेल्या मानेवर काटा आला. विजयमालानं स्वेटर काढला, पण खुंटीला अडकवला नाही. कॉलर उलटून ती सासूसमोर उभी राहिली.

"आत्याबाई, ह्यो हिरवा धागा कुणी घातला?"

शिवबाई म्हणाली, दुकानदारानं घातला असंल. विजयमाला शांतपणे म्हणाली, परदेशातल्या दुकानदाराकडं आपल्या लुगड्याच्या काठाचा धागा कसा आला? शिवबाई चूल फुंकायला वळली. ती पेटलेलीच होती.

जोतीराम दारात उभा होता. गिरणीचा डबा हातात. त्यानं तो उंबऱ्यावर ठेवला.

"बाळाबाईनं."

त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. भांडं पडावं तसं ते पडलं, आणि कुणी उचललं नाही.

"पहिली व्हय?" विजयमालानं विचारलं. "आणि तिचा टाक कुटं हाय?"

तिनं चुलीवरचं उकळतं पाणी हौदाजवळच्या घमेल्यात ओतलं, कात्री आणली, हिरव्या धाग्याला धक्का न लावता मला कापून घेतलं आणि स्वेटर त्या पाण्यात सोडला. शिवबाई बघत राहिली. लोकर आक्रसत गेली, बाह्या आखूड झाल्या, आणि पिळून काढला तेव्हा तो तान्ह्या मुलाच्या मापाचा झालेला होता. तो दोरीवर वाळत घातला, तेव्हा शिवबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं, तेव्हा तिला दुसरी फुली दिसली.

विजयमालानं मला घडी घालून कापडाच्या छोट्या पिशवीत शिवलं आणि मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात अडकवलं. मला हळद-कुंकू लावलं. शेजारणी विचारत, हे काय गं नवीन? ती प्रत्येकीला एकच उत्तर द्यायची. सवतीचा टाक हाय. न भांडता, न रडता, तिनं ते सगळ्या आळीला सांगितलं. आळीकडून ते शुक्रवार पेठेत गेलं.

रावजी कपड्यांचं गाठोडं घेऊन बसप्पाच्या दारात जाऊन उभा राहिला. बसप्पानं गाठोडं त्याच्या हातातून घेतलं.

"अण्णा, बादली चुकलो मी. फुली न्हाय चुकलो."

मग रावजी मुलीला घरी न्यायला आला, पण ती गेली नाही. मी गेले तर हिला कोण घालंल गळ्यात, म्हणाली. बापाला ते पटलं की नाही, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यानं तो फिरवला होता.

मित्रांनो, आता मी फार जुनी झाले आहे. माझी चित्रं फिकी झाली, कुंकवानं बादली लाल झाली. तुमच्या कपड्यांना आता माझ्यासारख्या पट्ट्या असतील. त्या जरूर वाचा. ज्यानं कपडा विणला त्याला त्याची काळजी असते. पण कॉलर उलटलीच आहे, तर धागाही बघा. आणि कुणी प्रश्न विचारत असेल तेव्हा हसू नका. तो प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

राहिला हिशेब. शिवबाईला सून मिळाली. पण आता सुनेच्या आधी तीच उठते आणि धुण्यासाठी पाणी तापवते. मायेनं नाही, माझ्या धाकानं. स्वेटर तिच्या खर्ची पडला. जोतीरामला एक नाव घ्यावं लागलं, तेही उशिरा. बसप्पाला हसून सोडून गेलेली घरं परत आली नाहीत. विजयमाला गरम पाण्यात हात घालते, तिला खोकला नाही.

त्या पाण्याची किंमत मात्र यांच्यापैकी कुणी दिली नाही. ती माढ्याच्या विहिरीवर, स्वेटर खुंटीला अडकवून गेलेली बाई आधीच देऊन गेली होती.