हो, मी चावले

मी एक म्हातारी अरबी घोडी आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी चावले आहे. नालबंदाच्या खांद्याला चावले, एका पाहुण्याच्या बाहीला चावले आणि जी मला रोज स्वतःच्या हाताने गाजर भरवायची तिच्या दंडालाही चावले. तेव्हापासून नालबंदाने माझे नाव 'कात्री' ठेवले. ही कहाणी ऐकून तुम्ही मला माफ करावे म्हणून मी ती सांगत नाही. माफी मी मागितलेलीच नाही.

माझे खरे नाव काजळ. आता मला पाहाल तर हसाल, कारण मी कानापासून खुरापर्यंत पांढरी आहे. पण जन्मले तेव्हा काळीभोर होते. आमच्यातले पांढरे घोडे असेच गडद जन्मतात आणि मग वर्षागणिक उजळत जातात. मी चार-पाच वर्षांची झाले तेव्हा राखाडी होते, पुढे दुधासारखी झाले. नालबंद नाल ठोकता ठोकता म्हणाला होता, "बाई, आता हिचं नाव बदला. खडू ठेवा." बाईंनी नाव बदलले नाही. वरचे केस पांढरे झाले तरी आमची कातडी आतून काळीच राहते, हे त्यांना ठाऊक होते.

बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा लांबट तबेला आहे, मागे गवताची कोठी, पुढे फरसबंद अंगण आणि त्यापलीकडे माळ. जन्माच्या वेळी माझा एक पाय दुमडला होता, तेव्हा बाईंनीच मला हाताने बाहेर काढले. मग त्या कोपऱ्यात गवताच्या पेंढीवर बसल्या. मी उभी राहिले, पडले, पुन्हा उभी राहिले, पुन्हा पडले. त्यांचा नवरा मला उचलायला पुढे आला तर त्यांनी त्याला थांबवले. "राहू दे. तिचं तिला जमू दे," एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्यात घराणे आईवरून मोजतात. बापाचे कौतुक होते, पण 'ही कुणाची?' असे विचारले की उत्तर आईचे, आजीचे, पणजीचे मिळते. बाई पाहुण्यांना माझ्या आजीच्या आजीपर्यंतची नावे सांगायच्या. नाकपुड्या केवढ्या, कपाळाखालचे नाक कसे बशीसारखे आत वळलेले, शेपूट कशी उंच, हे सगळे आईच्या खात्यावर जमा. आणि खोडी काही असली तर तीही आईच्याच खात्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे याचे काम पडणार आहे.

आणखी एक गोष्ट आमच्यात वेगळी असते. आमची पाठ आखूड. इतर घोड्यांपेक्षा आमच्यातल्या पुष्कळांना एक फासळी कमीच असते. म्हणून माझ्या आईसाठी बाईंनी मुद्दाम आखूड खोगीर करून घेतले होते आणि तेच पुढे माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी बाईंनी ते माझ्यासमोर जमिनीवर ठेवले आणि मला हुंगू दिले. मग पाठीवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. कित्येक दिवस नुसते हेच. तेव्हा मी कुणाला चावले नाही. चावण्यासारखे काही घडलेच नव्हते.

माझी चांगली वर्षे त्या खोगिराखाली गेली. बाईंना पाठीवर घेऊन मी डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यापर्यंत रपेट मारायची. कोणता दगड हलतो, कुठे माती घसरते, कुठल्या झुडपातून तित्तिर फडफडत उडतो, सारे मला पाठ होते. मधल्या वर्षांत मला तीन शिंगरे झाली. तिसरे शिंगरू मुलगी, मी जन्मले तेव्हासारखीच काळी. तिचे नाव शाई.

शाई जन्मली त्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. बाईंचे गुडघे गेले, त्यामुळे त्यांचे घोड्यावर बसणे संपले. आणि घरात सून आली. सून लाघवी होती, कामाला वाघ होती आणि घोड्यांची तिला मनापासून आवड होती. तिनेच पाहुण्यांना रपेटीला नेण्याचा धंदा सुरू केला. आठवड्याच्या शेवटी अंगणात गाड्या लागू लागल्या. पाहुण्यांना मऊ बसता यावे म्हणून तिने मोठी, खोलगट, गुबगुबीत खोगिरे आणली. सगळी एकसारखी. ती ओळीने खुंट्यांवर चढली आणि माझे आखूड खोगीर गवताच्या कोठीत माळ्यावर गेले. तिथे एका कोंबडीने त्यात संसार थाटला.

नवे खोगीर दिसायला राजेशाही होते. पाहुण्यांचा त्यावर जीव जडला. पण ते पुढे खांद्यांना चिमटायचे आणि मागे थेट माझ्या कमरेवर टेकायचे, जिथे वजन कधीच पडू नये तिथे. चढावर मी दात आवळून धरायची. उतारावर मात्र डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मी आधी सभ्य भाषेत सांगून पाहिले. कान मागे घेतले. शेपूट आपटली. पट्टा आवळताना पोट फुगवले. सगळे म्हणाले, "नखरे बघा हिचे." माणसांची ही गंमतच आहे. त्यांचे स्वतःचे काम अडले तरी ते म्हणतात घोडे पेंड खाते, आणि घोडे खरोखर अडले की त्याला नखरे म्हणतात. शेवटी माझ्याकडे दात उरले होते, ते मी वापरले.

सुनेला मी चावले तेव्हा ती रागावली नाही. दंड चोळत ती म्हणाली, "खोगीर टोचत असेल का गं तुला? थांब, तुला मऊ करून देते." आणि तिने खोगिराखाली आणखी एक जाड घोंगडी घातली. मित्रांनो, तुमचा बूट पायाला तंग होत असेल आणि कुणी मायेने तुम्हाला वरून जाड मोजे घातले तर काय होईल? तेच माझे झाले. मी पुन्हा चावायला गेले. तिने दुसरी घोंगडी घातली. इतक्या प्रेमाने मला कुणी छळले नव्हते.

तुम्ही विचाराल, कुणाला कळले कसे नाही? शेजारच्या तांबड्या घोड्याच्या पाठीवर खोगीर लागून पांढरे केस उगवले होते, ते सुनेने लगेच ओळखले आणि त्याचे खोगीर बदलले. मी तर सगळीच पांढरी. माझ्या पाठीवर पांढरा डाग कुणाला दिसणार? त्यात बाईंचा जुना नियम होता, की रपेटीहून आल्यावर खोगीर उतरले रे उतरले की पाठीवर बादलीभर पाणी ओतायचे. आपली घोडी चारचौघांत घामट दिसता कामा नये. त्यामुळे माझ्या पाठीवर जे उमटायचे ते रोजच्या रोज धुऊन निघायचे.

मग एके दिवशी मी झऱ्याच्या उतारावर उभी राहिले आणि हललेच नाही. पाठीवर एक जाडजूड पाहुणा होता. त्याने टाचा मारल्या, सुनेने लगाम ओढला, मी ढिम्म. शेवटी पाहुणा पायी उतरला आणि घरी पोहोचेपर्यंत कुरकुरत राहिला.

त्या संध्याकाळी तबेल्याच्या दारात सासू-सुनेचे बोलणे झाले.

"आई, मला काय हौस आहे का तिला घालवायची?" सून म्हणाली. "पण उद्या पाठीवर एखादं लहान मूल असलं म्हणजे?"

"माझ्या हातांनी बाहेर काढलंय मी तिला."

"माहितेय मला. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले."

बाईंनी खुंटीला हात टेकला. मग म्हणाल्या, "बोलाव त्याला."

'त्याला' म्हणजे घोडी सरळ करणाऱ्या माणसाला. दूर कुठेतरी त्याचा तबेला होता आणि कुणाला नको झालेली घोडी तो गाडीत घालून घेऊन जायचा. त्याच्याकडून आलेला एक घोडा मी रपेटीत पाहिला होता. तो चावत नव्हता, फुरफुरत नव्हता, माशी बसली तरी कान हलवत नव्हता. सगळे त्याची तारीफ करत होते. मला त्याच्याकडे बघवले नाही.

पण माझे सोडा. मला शाईचे भय होते. ती वर्षाची झाली होती, अंगणात उंडारत होती. अजून दोन वर्षांनी तेच गुबगुबीत खोगीर तिच्या पाठीवर चढणार होते. तिनेही कान मागे घेतले असते, आणि सगळे म्हणाले असते, "आईवर गेली. रक्तच तसलं." मग तिच्यासाठीही गाडी आली असती. मी गेले असते तर खोडी घराण्याच्या नावावर लागली असती. ते मला मान्य नव्हते.

तो माणूस सकाळी आला. घोडी चालते कशी ते बघायचे म्हणून सुनेने मला खोगीर घातले, खाली दोन घोंगड्या, आणि डोंगराच्या कड्यापर्यंत नेऊन आणले. ऊन चढले होते. परत आलो तेव्हा मी घामाने निथळत होते. तिने खोगीर उतरवले आणि नेहमीसारखी बादली उचलली.

मी मानेला असा हिसका दिला की दोर तिच्या हातातून सुटला. अंगणाच्या कडेला भिंतीसाठी लाल माती आणून टाकली होती, कोरडी, पिठासारखी बारीक. मी थेट त्यात जाऊन आडवी झाले. या कुशीवरून त्या कुशीवर, चारी पाय आकाशात, पोटभर लोळले.

"बघा," तो माणूस हसला, "अंगाला वळणच नाही."

मी उठले. लोळून उठले की अंग झटकायचे हा आमच्या जातीचा रिवाज आहे. मी झटकले नाही. सून बादली घेऊन पुढे आली तशी मी कान मागे घेतले आणि तिला दात दाखवले. मी हे सगळे ठरवून केले का? तुम्हाला वाटले तर म्हणा, मला नुसती खाज सुटली होती. पण ते पाणी मला पाठीवर नको होते, एवढे नक्की.

"बादली खाली ठेव," बाई म्हणाल्या.

"अहो आई, ती चावेल—"

"ठेव म्हणते ना."

बाई गुडघे सांभाळत, हळूहळू माझ्याकडे आल्या. ओल्या अंगाला माती चिकटून मी लालभडक झाले होते. फक्त पाठीवर तीन जागा पांढऱ्या राहिल्या होत्या. खांद्यांमागे दोन, तळहाताएवढ्या, आणि कमरेवर एक आडवा पट्टा. तिथे माती टिकलीच नव्हती. बाईंनी एका जागेवर हात ठेवला. मग दुसऱ्या. कमरेवर बोटांनी जरा दाबले तशी मी खाली बसल्यासारखी झाले.

"इकडे ये," त्यांनी सुनेला बोलावले. "हात लाव. हळू."

"कोरडं आहे," सून म्हणाली. "अख्खी घोडी भिजलीय आणि इथेच कसं कोरडं?"

"जिथे फार दाब पडतो तिथे घामसुद्धा येत नाही."

सुनेने धावत जाऊन खोगीर आणले आणि हातांवर तोलत माझ्या पाठीच्या जरा वर धरले. त्याच्या खालच्या कडा बरोबर त्या जागांवर येत होत्या. तिने ते खाली टाकले. बादली पालथी केली आणि तिच्यावरच बसली.

"मी वरून आणखी घोंगड्या घालत होते," ती म्हणाली.

"आणि मी रोज पाणी ओतायला लावत होते," बाई म्हणाल्या. "तू एकटीच रडू नकोस."

तो माणूस घड्याळ बघत म्हणाला, "मग न्यायची की नाही?"

"गाडी रिकामीच न्या," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी माळ्यावरून माझे खोगीर खाली आले. कोंबडी जागा सोडेना. तिने सुनेच्या हाताला दोनदा चोच मारली. मला ती कोंबडी फार आवडली. मला पुष्कळ महिने विश्रांती मिळाली, पाठ भरून आली आणि मग त्या आखूड खोगिराखाली मी पुन्हा झऱ्याची वाट धरली. आता नियम असा आहे की खोगीर उतरल्यावर आधी पाठीवरून हात फिरवायचा, कोरडे कुठे आहे ते बघायचे, पाणी मागून. पाहुणे असले तरी, घोडी घामट दिसली तरी.

मित्रांनो, घोडे चावले, कुत्रे गुरगुरले, गाय लाथ मारू लागली, तर तुम्ही लगेच त्याला नाव ठेवता. नाव ठेवायला हरकत नाही, मलाही ठेवलेलेच आहे. पण त्याआधी त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवून बघा. आणि आमच्याकडून मुकाट्याने सोसण्याची अपेक्षा करू नका. मी मुकाट्याने सोसले असते तर सगळ्यांनी मला गुणी म्हटले असते, आणि माझी मुलगी आज त्याच ओझ्याखाली असती.

आता शाई रपेटीला पुढे असते. मागच्या आठवड्यात खोगीर चढवताना तिने जरासे कान मागे घेतले. सुनेने सगळ्या पाहुण्यांना ताटकळत ठेवून खोगीर उतरवले, हात फिरवला, आणि घोंगडीत अडकलेले एक कुसळ काढून फेकले. शाईने कान पुढे केले आणि चालू लागली.

नालबंद म्हणतो, "पोरगी किती शांत निघाली. कात्रीवर गेलीच नाही."

त्याचे चुकते आहे. शाई अगदी माझ्यावर गेली आहे. फक्त तिचे पहिल्याच शब्दाला ऐकतात.