रविवारचा गेम

"म्हणजे सगळं उडवायचं ना? नीट विचार करून सांगा. एकदा उडवलं की मग मी डोक्यावर उभा राहिलो तरी परत येणार नाही."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला खुर्चीतून मागे वळून तिच्याकडे बघत होता. त्याच्या चष्म्याच्या जाड काचा तिनंच बसवल्या होत्या. डावी बाजू किंचित वर राहिली आहे, नाकावरची पट्टी जरा वाकवायला हवी, एवढंच तिच्या मनात आलं.

"उडवा," ती म्हणाली.

"फोटो वेगळे काढून घेतलेत?"

"घेतले."

"आणि गेमचं मी काय म्हणालो ते लक्षात आहे ना? बाकीचे पुष्कळ चालतील. पण तुम्ही भावाबरोबर खेळता तो नाही चालायचा. लबाडी पकडायला त्यात एक पहारेकरी बसवलेला असतो. तो विंडोज सोडून कुणाला ओळखत नाही. आता टाकतोय ती लिनक्स सिस्टीम दिसली की दारातूनच हाकलतो, कितीही हातापाया पडा."

"चालेल."

"अहो, चालणार नाही म्हणतोय मी."

"तेच. नाही चाललं तरी चालेल."

दुरुस्तीवाला हसला. तीही हसायचं म्हणून हसली. त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकायला लागली.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं तिचं काम. नंबराची गोल काच यायची, तिच्यावर बुबुळाच्या मध्याची खूण करायची, मशीनच्या चाकाला लावायची. पाण्याची धार चालू असायची आणि काचेचा पांढरा रबडा खालच्या भांड्यात साठत जायचा. मग कड हातानं साफ करायची आणि फ्रेममध्ये टक्कन बसवायची. तो टक्क आवाज नीट आला नाही तर काच परत काढायची. ज्याच्यासाठी हे करायचं तो माणूस तिला सहसा दिसायचा नाही. बाहेरच्या मुली तिला मावशी म्हणत, मालक बाई म्हणत. या बाईंच्या हातून काच फुटत नाही, असं ते नव्या माणसाला कौतुकानं सांगत.

घरी दोन खोल्या होत्या आणि आई होती. आता दोन खोल्या होत्या.

आई गेल्यावर ती रडली नाही. शेजारणी येऊन बसल्या, पाठीवर हात फिरवून गेल्या, आणि जिन्यात पोचल्यावर म्हणाल्या, फार खंबीर आहे हो. ती खंबीर वगैरे काही नव्हती. दात काढताना डॉक्टर सुई टोचतात, मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिला झालं होतं. तो गाल कधीतरी जागा होईल आणि मग कळ येईल, म्हणून पहिले काही दिवस तिनं वाटही पाहिली. नंतर तेही राहून गेलं.

तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या देशात एका शीतगोदामात माल उचलायची गाडी चालवायचा. घरात त्याला ढब्या म्हणत, कारण लहानपणी तो होताच तसा. आता वाळून खारीक झाला होता तरी नाव तेच राहिलं. कॉम्प्युटर त्यानंच सुटे भाग आणून जोडला होता. परदेशी जाताना तो तिला देऊन गेला आणि गेम खेळायलाही त्यानंच शिकवलं. सुरुवातीला ती भिंतीलाच गोळ्या मारत बसायची. पुढे पुढे इतकी तरबेज झाली, की ढब्याच्या टोळीतली पोरं तिला बघून दबकायला लागली. ही बंदूकवाली बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासते, हे त्यांना सांगूनही खरं वाटलं नसतं.

दर रविवारी दुपारी गेम ठरलेला. आई पलंगावर शेंगा सोलत बसायची आणि पडद्याकडे बघत मधूनच ओरडायची, "अगं मार ना त्याला, बघत काय बसलीस!" शेजारणीनं एकदा विचारलं, भाऊबहीण एवढं काय बोलतात हो दर रविवारी? आई म्हणाली, "बोलतात कसले, दोघं मिळून माणसं मारतात."

आणि ते खरंच होतं. ती दोघं बोलत नव्हती. डावीकडे बघ, मागे आलाय, थांब, पळ, असं त्यांचं सगळं संभाषण होतं, आणि ते दोघांना पुरत होतं.

आई गेली तेव्हा ढब्या येऊ शकला नाही. रजा मिळाली तेव्हा तिकीट मिळेना, तिकीट मिळालं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढच्या रविवारी तो नेहमीच्या वेळी गेमवर आला. तीही येऊन बसली.

"तायडे, डावीकडे! डावीकडे!"

तिनं डावीकडच्याला मारलं. आईचं नाव त्यानं काढलं नाही. तिनंही नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. एकदा शेजारच्या घरातला टीव्ही मोठ्यानं लागला होता. तो आवाज तिच्या माइकातून त्याच्यापर्यंत गेला आणि ढब्या सवयीनं बोलून गेला, "आई, टीव्ही बारीक कर गं."

पडद्यावर त्यांची माणसं नुसती उभी होती. कुणीतरी येऊन दोघांनाही मारून गेलं.

"चल," ढब्या म्हणाला, "पुढचा राउंड."

त्यानंतर कॉम्प्युटरवर वरचेवर एक सूचना यायला लागली. जुन्या सिस्टीमकडे कंपनी आता बघणार नव्हती आणि नवी या मशीनवर मावत नव्हती. चष्मा न्यायला आलेल्या दुरुस्तीवाल्याला तिनं मुद्दाम बाहेर येऊन विचारलं. त्याची तर कळीच खुलली. मशीन टाकून कशाला देता ताई, लिनक्स टाका. फुकट मिळतं, पण फुकटातलं नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय, कुणाच्या बापाचं नाही. मग गेमचं कळल्यावर त्याचाच चेहरा पडला. पण तिला आत कुठेतरी जरा सैल वाटलं होतं. घट्ट चप्पल दिवसभर घालून संध्याकाळी काढावी, तसं. कित्येक दिवसांत काही वाटलं असेल तर तेवढंच. वाईट वाटायला हवं होतं, हेही तिला कळत होतं.

रेघ उजव्या टोकाला पोचली. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि निळसर रंगाचा एक मोकळा पडदा समोर आला. दुरुस्तीवाल्यानं एकेक दाखवायला घेतलं. बिलं इथून भरायची. मालिका इथं बघायच्या. फोटो या फोल्डरमध्ये ठेवलेत. मग त्यानं हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि तिला पासवर्ड टाकायला सांगितला.

ती दोन अक्षरं टाकून थांबली. "काही दिसत नाहीये."

"नाहीच दिसत. ठिपकेसुद्धा येत नाहीत इथं."

"मग जातंय की नाही कसं कळणार?"

"दिसत नाही म्हणून जात नाही असं थोडंच आहे, ताई? तुम्ही टाकत राहा आणि एंटर मारा."

तिनं टाकत राहून एंटर मारलं. खिडकीत अक्षरांच्या ओळी भराभर धावायला लागल्या.

रोजच्या कामाला काहीच अडलं नाही. बिलं भरली गेली. कायम रुसून बसणारा प्रिंटर पहिल्या हाकेला कागद द्यायला लागला. मालिका पूर्वीसारख्याच कंटाळवाण्या होत्या. फोटोंचा फोल्डर तिनं उघडला नाही.

रविवारी ढब्याचा फोन आला. "अगं कुठे आहेस? सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

"मी सिस्टीम बदलली. तो गेम चालत नाही त्यावर."

"चालत नाही म्हणजे? कुणी बदलली? मला विचारायचंस तरी!"

"राहून गेलं."

"मग परत जुनं टाक."

"जुनं धोक्याचं झालंय. बँकेचं वगैरे सगळं त्यावरच असतं ना माझं."

तो हळूच म्हणाला, "तुला आधी माहीत होतं? चालणार नाही ते?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण त्यालाही अंगात जोर लागतो. "हो," ती म्हणाली.

"बरं," ढब्या म्हणाला. "जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

"थंडी आहे का तिकडे?"

"गोदामात असतेच."

"काळजी घे."

"हं. चल मग."

पुढचे काही रविवार असेच गेले. जेवलीस का, थंडी आहे का, चल मग. फोन दरवेळी थोडा आखूड व्हायचा. फोन झाला की ती कपडे धुवायची. धुतलेलेसुद्धा धुवायची. मग खुर्चीत बसून समोरच्या निळसर पडद्याकडे बघत राहायची.

दुकानात एकदा तिनं उजव्या डोळ्याची काच डावीकडे आणि डाव्याची उजवीकडे बसवली. टक्क आवाजही नीट आला होता. गिऱ्हाईक चष्मा घालून बाहेर पडलं ते चक्कर येऊन पायरीवरच बसलं. मालक मागच्या खोलीत आले, मशीनपाशी घुटमळले. ओरडायचं ठरवून आले असावेत, पण तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला.

"बाई, चार दिवस रजा घेता का?"

"रजा घेऊन काय करू?" तिनं विचारलं.

ती खरंच विचारत होती. ते म्हणाले, "बरं, चहा सांगतो," आणि गेले.

त्याच आठवड्यात ती डबा उघडून बसली असताना ढब्याचा फोन आला. या वेळेला तो कधी फोन करत नसे. काही झालं की काय म्हणून तिनं उष्ट्या हातानंच उचलला.

"मीपण टाकलं," तो म्हणाला.

"काय टाकलंस?"

"लिनक्स. माझ्या मशीनवर. पार वाट लागली होती माझी, दोन दिवस आवाजच येईना. मग कुठल्या कुठल्या लोकांनी लिहून लिहून मदत केली. ओळख ना पाळख, पण बिचारे चिकटून बसले माझ्यासाठी."

"पण तू कशाला? तुझं मशीन तर नवं आहे."

"अगं, त्याशिवाय मला कसं कळणार तुझ्याकडे काय चालतं आणि काय नाही? आठेक गेम घालून बघितले. एक चालतोय चांगला. ट्रक चालवायचा आहे. जरा रटाळ आहे, पण दोघं बरोबर जाऊ शकतो."

"आणि तुझी ती टोळी?"

"गेली टोळी," ढब्या म्हणाला. "मी सांगतो तसं करून ठेव. रविवारी येतो."

रविवारी दुपारी तिनं हेडफोन घातला. गेममध्ये ढब्याचा ट्रक पिवळा होता, तिचा पांढरा. दोघांना कसले तरी पाइप भरून दूरच्या बंदरावर पोचवायचे होते. ढब्या पुढे आणि ती मागे, असं ठरलं. सुरुवातीला तिनं एका खांबाला धडक दिली आणि ढब्या पोट धरून हसला. "बंदूकवाल्या बाई, ब्रेक डावीकडे असतो!" मग गाव मागे पडलं आणि मोठा रस्ता लागला.

त्या रस्त्यावर काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना शेतं, लांबवर टेकड्या, मधूनच एखादा पूल. मारायला कुणी नाही, मागून येणारं कुणी नाही. डावीकडे बघ म्हणावं तर डावीकडे नुसतं गवत. गाडी सरळ धरून ठेवायची, बस. हेडफोनमध्ये इंजिनाची एकसुरी घरघर होती आणि तिच्याखाली ढब्याचा श्वास ऐकू येत होता. जुन्या गेममध्ये गोळ्यांच्या आवाजात तो कधी ऐकू आला नव्हता.

बराच वेळ दोघं अशीच चालली.

"तायडे."

"हं."

"आई शेवटी काय बोलली?"

तिनं ट्रक सरळ धरला. तिला आठवावं लागलं नाही. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी आजार विचारला होता, वय विचारलं होतं.

"काही नाही बोलली."

"काहीच नाही?"

"पाणी मागितलं. मी दिलं. अर्धंच प्यायली. म्हणाली, उरलेलं ठेव, नंतर पिते."

"मग?"

"मग झोपली."

"आणि ते पाणी?"

तिचा ट्रक पांढऱ्या रेघेवरून घसरायला लागला, तिनं तो परत आणला. "दोन दिवस तसंच होतं. मग मी ओतून दिलं."

पुढचा पिवळा ट्रक हळू हळू डावीकडे कलत गेला, कडेची खडी उडाली. एकदा सावरला, पुन्हा कलला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला. त्याचे मागचे दिवे लुकलुकायला लागले. हेडफोनमध्ये कसलासा आवाज झाला, मग तोही दाबल्यासारखा बंद झाला. त्यानं माइक बंद केला होता.

तिनं हाक मारली नाही. वेग कमी केला, आरशात बघितलं, आणि आपला ट्रक त्याच्या मागे, थोडं अंतर सोडून उभा केला. तसे दिवे लावायचं बटण तिला सापडेना. एकेक करून बरीच बटणं तिनं दाबून पाहिली. वायपर हलले, भोंगा वाजला. मग सापडलं.

बाजूनं अनोळखी गाड्या जात होत्या. एकानं जाताना हॉर्न दिला. शेतांवर गेममधली संध्याकाळ उतरायला लागली होती आणि दोन्ही ट्रक कडेला उभे राहून, आपापल्या लयीत, दिवे लुकलुकवत होते. माल वेळेत पोचणार नाही, अशी सूचना पडद्यावर आली. तिनं ती बंद केली आणि वाट बघत बसली.