जांभईतला हात

लकवा मारल्यापासून शिंप्याचा उजवा हात मांडीवर लाकडासारखा पडून असायचा. पण एका दुपारी त्याने जांभई दिली आणि तोच हात अलगद छातीपर्यंत वर आला. बायकोने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे पाणी इथे मुरतंय तर! आपण घास भरवून थकायचं आणि यांनी सोंग घेऊन बसायचं!

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना तिने तावातावाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते, आणि यांना इजा तिथेच झालीय. जांभईतली हालचाल दुसरीकडून येते. ती त्यांच्या हातात नाही."

"तुम्हालाही गुंडाळलं वाटतं त्यांनी," ती फणकारली आणि डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने दाराआडून पाहिलं. शिंपी एकटाच बसून आ वासत होता. एकामागून एक खोट्या जांभया देत हाताकडे बघत होता. हात ढिम्म हलत नव्हता.

ती आत गेली, त्याच्यासमोर बसली.

"अहो, इकडे बघा," म्हणत तिने मोठी जांभई दिली. मग आणखी एक.

शेवटी त्यालाही आली, खरीखुरी. हात वर आला.

तो खाली पडायच्या आत तिने धरला.