साठ पुंगळ्या आणि आगळ

काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी म्हणजे कचरा नव्हे. नेमबाज तिच्यात पुन्हा दारू आणि गोळी भरतात. दोह्याबाहेरच्या एका शूटिंग क्लबात अशा पुंगळ्या निवडणं हे माझं काम. हिबासाठी मी पाचशेंतून साठ काढल्या. प्रत्येकीचं वजन बघायचं, तोंडाची जाडी मोजायची, केसभर फरक दिसला की बाद. दोन महिने लागले. माझी बायको रबिया गुहागरहून फोनवर हसायची, "पितळ निवडताव की सून?"

हिबा कतारी, तिशीची. ह्या वेळी संघात निवड झाली नाही तर रायफल ठेवून वडिलांच्या ऑफिसात बसेन, असं तिने घरी कबूल केलं होतं. निवडीचा सामना तीनशे मीटरवर, साठ गोळ्यांचा. सरावात त्या पुंगळ्यांनी तिच्या गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत जात होत्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पॉलिशचं मशीन बंद पडलं. काजळलेल्या पुंगळ्या नुसत्या पुसून दिल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ईदच्या आधी माझी आई पितळेची घागर आमसुलाने घासायची, ती कशी लखलखायची! रबियाने पाठवलेलं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, मी घमेल्यात ओतलं, त्यात पुंगळ्या बुडवल्या आणि जुम्म्याच्या नमाजाला गेलो. परतताना मॅनेजरने भलत्याच कामाला पिटाळलं. घागर दोन मिनिटांत धुतात. मी तीन तासांनी आलो.

पुंगळ्या गुलाबी झाल्या होत्या. आंबट-खारटाने पितळेतलं जस्त खाल्लं होतं. एक पुंगळी पक्कडीत धरून तिचं तोंड दाबलं. चांगलं पितळ चेपतं, हे तडकलं. दाबून पाहिलेली पुंगळी पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे बाकीच्यांचं खरं कळायला मार्गच नव्हता. फडक्याने घासल्या तर परत पिवळ्या दिसत होत्या. कुणालाही कळलं नसतं. पण फुटली असती, तर ती हिबाच्या डोळ्यापाशी फुटली असती.

संध्याकाळी ती दारू भरायला आली. मी सगळं सांगितलं. आमचं बोलणं म्हणजे हिंदी-इंग्रजीचं कडबोळं.

"अंकल, ह्यातल्या चांगल्या किती?"

"माहीत नाही."

"मग?"

"एकही वापरू नकोस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "खलास," एवढंच म्हणाली आणि स्टोअरमधली तयार काडतुसं घेऊन गेली. शनिवारी दोन गुणांनी हुकली. रायफल जमा करताना मला म्हणाली, "शुक्रन, अंकल. माझा डोळा वाचवलात." मला मान वर करवेना.

ती गेल्यावर पक्कड घेऊन बसलो. एकेक पुंगळी दाबत गेलो. निदान निम्म्या तरी तडकू देत, अशी दुआ मागत होतो. उरलेल्या एकोणसाठच्या एकोणसाठ मऊ चेपल्या. एकही तडकली नाही.