घोंगडीखालची फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे. अण्णारावांच्या परसात, जळणाच्या ढिगाशेजारी, काळ्या घोंगडीखाली झाकलेलं जे काही दिसतं ते मीच. कोंबड्या मला खुराडं समजतात. त्यांचं फारसं चुकत नाही, कारण माझ्या बैठकीखाली आता खरोखरच अंडी सापडतात.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मुंबईला आणि तिथून मालगाडीने मी सोलापूरला आले. इथल्या एका कापड गिरणीतल्या गोऱ्या साहेबांनी मला हौसेने मागवलं होतं. पण त्यांची हौस फार बेताची निघाली. बंगल्यावरून गिरणी आणि गिरणीवरून बंगला, एवढीच माझी दुनिया. एके दिवशी मी रस्त्यात बंद पडले, साहेबांचा चेहरा लाल झाला आणि माझी रवानगी सुताच्या गाठोड्यांमागे गोदामात झाली. पुढे साहेब मायदेशी परतले. मला कोण कशाला विचारतो?

विचारलं ते अण्णारावांनी. ते त्याच गिरणीत फिटर होते. दुपारच्या सुटीत भाकरी खाऊन झाली की ते माझ्याजवळ येऊन बसत, एकेक भाग सोडवत आणि धोतराच्या सोग्याने पुसून परत बसवत. मी पुन्हा पहिला श्वास घेतला तेव्हा गोदामातली कबुतरं उडून गेली. गोदामवाल्याला जागाच हवी होती. तो म्हणाला, "न्या की घरी. हितं लई अडचण हाय."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. सोलापुराबाहेर, अक्कलकोटच्या वाटेला, तेव्हा एक मोठा सरकारी माळ होता. त्याला कुंपण नव्हतं, फाटक नव्हतं. सुटीच्या दिवशी अण्णाराव मला तिथं नेत. त्यांच्या ओळखीचे एक वकील आणि एक सरकीचे व्यापारी आपापल्या फटफट्या घेऊन येत. मग काय विचारता! मुरुमाच्या चढावर चाकं घसरायची, ओघळींवरून आम्ही उड्या मारायचो, धुळीने तिघेही ओळखू येत नसत. गिरणीच्या भोंग्यावर उठणारा-बसणारा माझा धनी तिथं मोकळेपणी हसायचा. माळ सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा, म्हणजे आपला, असं ते म्हणत. त्या माळावर आणखी कुणी राहतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

तिथं बिरप्पा राहत होता. त्याची मेंढरं, त्याची बायको मायाक्का आणि चार काठ्यांवर उभं केलेलं त्यांचं बिऱ्हाड. त्यांच्यात एक रीत होती. कळपात नुकती जन्मलेली कोकरं असली की काठीला काळी घोंगडी बांधून ती उंचवट्यावर रोवायची. ती दिसली की दुसरे धनगर आपली जनावरं आणि कुत्री घेऊन लांबून जात.

त्या सकाळी आम्हा तिघांना ती घोंगडी वाऱ्यावर फडफडताना दिसली. वकील म्हणाले, "बघा, मेंढक्यांनी आपल्यासाठी निशाण लावलंय." अण्णाराव खूश झाले. ज्याची फटफटी निशाणाला आधी शिवेल तो जिंकला, असं ठरलं आणि आम्ही पूर्ण वेगाने सुटलो.

शर्यत मी जिंकले. उंचवट्याच्या पलीकडे कळप होता. आमच्या आवाजाने मेंढरं जी उधळली ती आपल्याच पिल्लांना तुडवत नाल्यात उतरली. धूळ बसल्यावर मायाक्का पदरात एक कोकरू घेऊन वर आली. त्याची मान लोंबत होती.

"घोंगडी दिसली न्हाय व्हय तुमाला?" तिने विचारलं.

"दिसली," अण्णाराव म्हणाले. "म्हणून तर आलो. मला वाटलं, शर्यतीचं निशाण हाय."

 तिच्या मागून आलेला बिरप्पा म्हणाला, "शर्यत? मेंढरांत?" आणि तो बाकीची पिल्लं शोधायला नाल्यात उतरला. 

जवळच्या गावच्या पाटलाने ही तक्रार वर, जंगल खात्याकडे नेली. वरच्यांनी कुणाचं काय चुकलं हे बघण्याची तसदी घेतली नाही. माळावर भांडण आहे ना, मग माळच बंद करा. माणसं लावून सगळीकडून खोल चर खणला, एकच वाट ठेवली आणि तिथं राखणदार बसवला. चाकाला बंदी, खुरालाही बंदी. आत वाढलेल्या गवताचा लिलाव व्हायचा होता.

वकील आणि व्यापारी दुसऱ्या छंदाला लागले. अण्णारावांना मात्र चैन पडेना. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. चराच्या आत गुडघाभर गवत वाळत होतं आणि चराच्या बाहेर बिरप्पाची मेंढरं माती हुंगत होती. रोज एखादं तरी बसायचं, ते परत उठायचं नाही. मेंढरं बुजू नयेत म्हणून अण्णाराव मला हातांनी ढकलत तिथं नेत आणि लांब उभे राहत. जवळ जायचं त्यांचं धाडस होत नव्हतं.

शेवटी मायाक्कानेच हाक मारली. "नुसतं बघून काय हुतंय? तुमी शिकल्याली माणसं. सायबाला सांगा की."

अण्णाराव आणि बिरप्पा मिळून जंगल खात्याच्या कचेरीत गेले. पुन्हा गेले. पुन्हा गेले. व्हरांड्यात बसून बसून दोघांची मैत्री झाली, एवढाच त्या खेपांचा पहिला फायदा. अखेर तिथले साहेब वैतागले आणि म्हणाले, "ठीक आहे. मी येऊन बघतो. फटफटी शेजारून गेली तरी मेंढरं बिथरली नाहीत, तर फटफटीला कडेने एक वाट देऊ आणि मेंढरांना चराईही देऊ. बिथरली तर दोघांनाही कायमची बंदी."

एका दिवसावर सगळं येऊन ठेपलं.

मग आमची शिकवणी सुरू झाली. गिरणी सुटली की अण्णाराव मला कळपात आणून नुसतं उभं करत. मायाक्का माझ्या पाय ठेवायच्या फळीवर मूठभर ज्वारीचा भरडा टाके. स्वतःच्या भाकरीतला भरडा होता तो, हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा एक म्हातारी मेंढी आली, मग तिच्या मागून बाकीची. काही दिवसांनी अण्णारावांनी इंजिन हळू चालू ठेवलं. मेंढरं दचकली, पण भरडा सोडून जाईनात. पुढे तर माझा आवाज लांबून ऐकू आला तरी सगळा कळप धावत सामोरा येई. त्यांच्या ओल्या नाकांचा स्पर्श मला अजून आठवतो. एवढं प्रेम मला विलायतेपासून सोलापूरपर्यंत कुणी दिलं नव्हतं.

"तुमची फटफटी आता आमच्या मेंढरांच्या वाड्यातली झाली," बिरप्पा म्हणाला. अण्णाराव लाजले.

ठरल्या दिवशी राखणदाराने आम्हाला आत सोडलं. किती दिवसांनी त्या भुकेल्या जनावरांच्या तोंडाला गवत लागलं होतं! अण्णाराव माझं इंजिन बंद ठेवून साहेबांची वाट बघत होते.  मायाक्का देवाचं नाव घेत होती.

चरापलीकडच्या रस्त्यावर साहेबांची मोटार आली. घरघरत, धूळ उडवत आली.

कळपाने माना वर केल्या. मित्रांनो, ती घाबरली नव्हती. इंजिन वाजलं म्हणजे भरडा आला, एवढंच त्यांना आम्ही शिकवलं होतं. सगळा कळप आनंदाने त्या मोटारीकडे धावत सुटला आणि मध्ये तो चर होता. पुढची आत पडली. मागची त्यांच्यावर पडू लागली.

अण्णारावांनी एका लाथेत मला चालू केलं. कळप आणि चर यांच्यामध्ये शिरून, आपल्या आवाजाने मेंढरं मागे वळवायची, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. आम्ही चराच्या अगदी काठाने धावलो. मेंढरांनी मला ओळखलं. ती वळली, खरंच वळली. तेवढ्यात काठाची भुसभुशीत माती खचली आणि आम्ही दोघं आत गेलो. माझं पुढचं चाक धरणारा काटा मोडला. अण्णारावांचा पाय माझ्याखाली होता.

मी शुद्धीवर आले तेव्हा ती म्हातारी मेंढी काठावरून उतरून आली होती आणि माझ्या रिकाम्या फळीवर नाक घासत होती.

वर साहेब उभे होते. "हे बिथरणं नाही तर काय?" ते म्हणाले.

बिरप्पाने मुंडासं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. "न्हाय साहेब. ती भरड्याला आली. तुमच्या मोटारीला आमचीच फटफटी समजली. आमीच तशी सवय लावली हो."

साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी चरात वाकून बघितलं, तोंड फिरवलं आणि म्हणाले, "असेल तसं. पण हे मी वर कसं सांगू?"

बंदी कायम झाली. गवताचा लिलाव झाला आणि ते गाड्या भरभरून परगावी गेलं. बिरप्पाने उरलेली मेंढरं घेऊन दुधनीपलीकडे, कानडी मुलखात जायचं ठरवलं. निघताना तो अण्णारावांच्या घरी आला. अण्णाराव खाटेवर होते, पायाला फळ्या बांधलेल्या.

"कुटं जाणार?" त्यांनी विचारलं.

"गवत दिसंल तितं."

मायाक्का परसात माझ्याकडे आली. तिने काठीची ती काळी घोंगडी सोडून माझ्या अंगावर पांघरली आणि चारही टोकं नीट खोचली. ती रडत होती. त्या दिवसानंतर ते दोघं आम्हाला परत दिसले नाहीत. बिरप्पाच्या कळपातलं एक तरी मेंढरू जगलं का, हेही आम्हाला कळलं नाही.

अण्णाराव लंगडत गिरणीत जातात. त्यांना माझ्यावर बसता येत नाही आणि मला चालता येत नाही. माळ अजून तसाच आहे, चर अजून तसाच आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कधीतरी चाकांवर बसून मोकळ्या रानात जाल. जरूर जा, त्यातला आनंद मी भोगला आहे. पण मोकळं दिसणारं रान रिकामं नसतं. तिथं कुणी काठीला काही बांधलेलं दिसलं, तर आधी उतरून त्याचा अर्थ विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी साहेब झालं, तर चर खणण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांशी एकदा बोला.

आजही सुटीच्या दिवशी अण्णाराव परसात येतात, घोंगडीचं एक टोक वर करतात आणि माझ्या फळीवर मूठभर भरडा ठेवतात. मग काठी घेऊन शेजारी बसतात आणि दिवस मावळेपर्यंत कोंबड्यांना हाकलत राहतात.